गाडीशिवाय कॉट्सवोल्ड्स: कुठे चालावं, कुठे सायकल घ्यावी

पुण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्या आणि त्यांचे मिस्टर रेडिंगला लेकीकडे येणार आहेत. त्यातले चार दिवस त्यांनी कॉट्सवोल्ड्स या इंग्लंडमधल्या टेकड्यांच्या प्रदेशासाठी राखून ठेवलेत. गाडी नाही. सोबत बारा वर्षांचा नातू. मिस्टरांनी सह्याद्रीतले गड पालथे घातलेत, ताईंचे गुडघे मात्र उतारावर दुखतात. व्हिडिओ बघून नऊ गावांची यादी केली आहे, आणि विचारणा अशी आहे: ही गावं सायकलने फिरता येतील का? लोकांच्या शेतांतून चालता येतं म्हणतात, कुणी हटकत नाही का? आणि चार दिवसांत यादी पुरी होईल का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. यादी पुरी होणार नाही. ती पुरी करायला गेलात तर चार दिवसांतला बराच वेळ बसथांब्यावर जाईल. मी बरीच वर्षं ऑक्सफर्डशायरमध्ये राहतो आणि सुटीच्या दिवशी चालणाऱ्यांच्या गटाला घेऊन या भागात जातो. भारतातून आलेले आईवडील त्या गटात नेहमी असतात, त्यामुळे तुमची अडचण मला अगदी ओळखीची आहे.

तुमच्या यादीतली गावं सुंदर आहेत, पण ती एकमेकांसारखीच आहेत. तोच मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड, तसंच एक चर्च, एक पब, एक ओढा. एका गावात अर्ध्या तासात सगळं बघून होतं. गाडीवाले लोक अशी सहा गावं एका दिवसात करतात आणि संध्याकाळी फोटो कुठल्या गावचा हे त्यांना आठवत नाही. या प्रदेशाचं खरं वैभव दोन गावांच्या मध्ये आहे: मेंढ्यांचे उतार, कोकणातल्या गडग्यांसारख्या चुन्या-सिमेंटाशिवाय रचलेल्या दगडी भिंती, जुन्या जमीनदारांच्या बागा, ओढ्याकाठची पायवाट. ते गाडीतून दिसत नाही. म्हणजे गाडी नसणं ही तुमची अडचण नाही, उलट सोयच आहे. ठरवायचं एवढंच की कोणत्या तीन-चार वाटा घ्यायच्या आणि मुक्काम कुठे टाकायचा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. गुडघा किती दुखतो हे तुम्हालाच माहीत. आदल्या आठवड्यात पाऊस झाला असेल तर ओढ्याकाठच्या वाटांवर चिखल होतो आणि वेग निम्म्यावर येतो. चार दिवसांत रविवार येत असेल तर बस फार कमी असतात. मेच्या शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडे असतो आणि त्याच आठवड्यात शाळांनाही सुटी असते, तेव्हा बोर्टन-ऑन-द-वॉटरसारख्या गावात पाय ठेवायला जागा नसते. तारखा अजून हातात असतील तर तो आठवडा टाळा आणि मंगळवार ते शुक्रवार या.

मुक्कामासाठी माझी शिफारस मोरटन-इन-मार्श. चित्रातल्यासारखी गावं आसपास पुष्कळ आहेत आणि मोरटन त्यांच्यापुढे थोडं साधं वाटेल. पण इथे रेल्वे स्टेशन आहे, आणि लंडन पॅडिंग्टनहून रेडिंग, ऑक्सफर्डमार्गे येणारी गाडी थेट इथे थांबते. रेडिंगपासून तासाभराच्या आसपास. गावाच्या मधून जाणाऱ्या रुंद हाय स्ट्रीटवरच बस मिळते. ८०१ क्रमांकाची बस मोरटन, स्टो, बोर्टन अशी करत चेल्टनहॅमला जाते, आणि तुमचा दुसरा दिवस तिच्यावरच उभा आहे. एकाच ठिकाणी राहिलात की बॅगा ओढाव्या लागत नाहीत. पाऊस आला तर दिवसांची अदलाबदल करता येते, आणि ज्याला थकवा आला तो परत खोलीवर जाऊ शकतो. तिघांच्या प्रवासात हे शेवटचं फार मोलाचं आहे.

आता शेतांतून चालण्याबद्दल. सह्याद्रीत आपण गावकऱ्याला विचारून त्याच्या बांधावरून जातो, त्यामुळे इथे पहिल्यांदा चालणाऱ्याला संकोच वाटतो. इंग्लंडमध्ये वाटेचा हक्क कायद्याने दिलेला आहे. जमीन कुणाच्याही मालकीची असो, तिच्यावरून जाणारी सार्वजनिक पायवाट ही कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक रस्ताच असते. कोणती वाट सार्वजनिक हे दाखवणारा अधिकृत नकाशा स्थानिक काउंटी ठेवते. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा सुमारे २,२५,००० किलोमीटर भरतात. शेतकऱ्याने वाटेवर नांगर फिरवला तर ठरावीक मुदतीत ती पुन्हा चालण्याजोगी करून देणं त्याच्यावर बंधनकारक असतं. म्हणून मेमध्ये मोहरीसारख्या पिवळ्याधमक रेपच्या शेतातून एक अरुंद पट्टा सरळ पलीकडे गेलेला दिसेल. तीच वाट. बिनधास्त त्यातून जा, शेताला वळसा घालू नका. पट्टा वापरला जाईल तेवढा तो टिकून राहतो.

हा हक्क सुखासुखी मिळालेला नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर-शेफील्डकडचे शेकडो तरुण कामगार पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातल्या किंडर स्काउट या पठारावर मुद्दाम घुसले. तिथली मोकळी माळरानं शिकारीसाठी राखून ठेवलेली होती आणि लोकांना बंद होती. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागातल्या प्रवेशाचा कायदा आला आणि १९५१ साली पहिलं राष्ट्रीय उद्यान त्याच पीक डिस्ट्रिक्टमध्ये झालं. इथल्या वाटांवर लोक इतक्या आपुलकीने दुरुस्तीची कामं करतात, फाटकं बसवतात, फांद्या छाटतात, त्याला हा इतिहास कारण आहे.

वाटेवर ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. खांबावर किंवा फाटकावर हाताच्या तळव्याएवढी गोल चकती असते, तिच्यावर बाण. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी. निळा बाण म्हणजे ब्रायडलवे: पायी, घोड्यावर आणि सायकलनेही. जांभळा आणि लाल बाण क्वचित दिसतात, त्या वाटांवरही सायकल चालते. सायकलचा हक्क ब्रायडलवेवर १९६८ पासून आहे, पण चालणाऱ्याला आणि घोड्याला आधी वाट द्यायची या अटीवर. तुमच्या सायकलच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. नकाशावर दोन गावांना जोडणारी सुरेख वाट दिसते, पण ती बहुतेक वेळा पिवळ्या बाणाची असते आणि तिच्यावर सायकल नेता येत नाही. त्यामुळे गावोगावी जायला सायकल घेतलीत की तुम्ही आपोआप डांबरी रस्त्यावर येता, आणि ज्यासाठी आलात तेच मागे राहतं.

म्हणून माझा सल्ला असा की दोन्ही एका दिवसात मिसळू नका. तीन दिवस चाला. एक दिवस सायकलचा, आणि तोही सायकलला साजेशा जागी.

नकाशा मात्र हवाच. ऑर्डनन्स सर्व्हे (ओएस) या सरकारी नकाशा संस्थेचा केशरी कव्हरचा 'एक्सप्लोरर' घ्या, क्रमांक ओएल ४५. त्यात जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर चार सेंटिमीटर होतो, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक शेताचं कुंपण त्यात दिसतं. इथे वाट चुकते ती डोंगरात नाही, शेतात. फाटकातून आत शिरल्यावर समोर नुसतं गवत असतं, वाट उमटलेली नसते. अशा वेळी नकाशावर बघायचं की हिरवी तुटक रेघ शेताच्या कोणत्या कोपऱ्याकडे जाते, आणि त्या कोपऱ्यातलं फाटक नजरेने शोधून सरळ तिकडे चालायचं. छोट्या तुटक रेघा म्हणजे पायवाट, लांब तुटक म्हणजे ब्रायडलवे. हे काम नातवाकडे द्या. नकाशा ज्याच्या हातात असतो ते मूल 'अजून किती राहिलं' असं विचारत नाही, हे मी गटात सतत पाहतो. फोनमध्येही नकाशा ठेवा, पण ओढ्यांच्या खोऱ्यांत रेंज जाते, म्हणून आधी उतरवून ठेवा.

पहिला दिवस: सेझिनकोट

पुण्याहून येणाऱ्या माणसाने ही वाट चुकवू नये, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या यादीत ती नाही, आणि बहुतेक याद्यांत नसते.

मोरटनच्या पश्चिमेला शेतांतून पायवाटेने निघालात की तीनेक किलोमीटरवर बोर्टन-ऑन-द-हिल हे उतारावर वसलेलं गाव लागतं. (तुमच्या यादीतलं बोर्टन-ऑन-द-वॉटर वेगळं. बसचं तिकीट काढताना पूर्ण नाव सांगा.) तिथून दक्षिणेला 'हार्ट ऑफ इंग्लंड वे' नावाची लांब पल्ल्याची वाट धरायची. ती एका खाजगी इस्टेटीच्या कुरणातून जाते. मोठाले ओक, त्यांच्या सावलीत मेंढ्या, आणि चालता चालता उजव्या हाताला झाडीतून हिरवट पडलेला तांब्याचा घुमट वर येतो. कांद्याच्या आकाराचा, टोकाशी निमुळता, अस्सल मुघल घुमट. खाली रुंद छज्जे, कोपऱ्यांवर छोट्या छत्र्या, खिडक्यांवर मोराच्या पिसाऱ्यासारख्या कमानी. सगळं कॉट्सवोल्ड्सच्याच दगडात, आणि समोर इंग्लिश हिरवळ.

हे घर सर चार्ल्स कॉकरेल याने १८०५ च्या सुमारास बांधून घेतलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत त्याने पैसा कमावला होता. आराखडा त्याचा भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल याचा. बागेतल्या देऊळ, पूल वगैरे भारतीय धाटणीच्या रचनांसाठी सल्ला घेतला तो टॉमस डॅनियल या चित्रकाराचा. डॅनियल भारतात अनेक वर्षं हिंडला होता, आणि आपल्या दृष्टीने त्याची दुसरी ओळख जास्त महत्त्वाची आहे. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट १७९० साली पुण्याच्या दरबारात पेशव्यांशी तह करतो आहे, त्या प्रसंगाचं मोठं तैलचित्र याच डॅनियलने रंगवलं. पुण्यात राहून तिथली माणसं आणि दरबार रेखाटणारा जेम्स वेल्स मरण पावला, तेव्हा त्याच्या रेखाटनांवरून डॅनियलने ते पूर्ण केलं. चित्राचं साल १८०५, म्हणजे सेझिनकोट उभं राहत होतं तोच काळ. शनिवारवाड्याचा दरबार कॅनव्हासवर आणि ही भारतीय धाटणीची बाग ग्लॉस्टरशायरच्या टेकडीवर, दोन्ही कामं एकाच माणसाच्या डोक्यात एकाच सुमारास चालली होती. कुरणात उभं राहून हे आठवलं की त्या घराकडे बघण्याची नजर बदलते. पुढे ब्रायटनच्या राजवाड्याचं बाह्यरूप ठरवताना राजपुत्रासमोर याच घराचा नमुना होता.

बाग तिकीट काढून ठरावीक दिवशीच बघता येते, निघण्यापूर्वी वेळा तपासा. बाग बंद असली तरी पायवाट बारा महिने खुली आहे आणि घर तिच्यावरून दिसतं.

पुढे लाँगबरो गाव, आणि तिथून शेतांतूनच मोरटनला परत. सगळं मिळून अकरा-बारा किलोमीटर, चढउतार बेताचे. गुडघ्याला जपायचं असेल तर कुरणातून घर बघून आल्या वाटेने परत फिरा.

इथेच गायींबद्दल सांगून टाकतो. मेमध्ये गुरं कुरणात सोडलेली असतात आणि पायवाट थेट त्यांच्यामधून जाते. आपल्याकडच्या गायी माणसांत वाढलेल्या असतात, या तशा नसतात. वासरं सोबत असतील तर गाय आणि वासरू यांच्यामधून कधीही जाऊ नका. लांबून, सावकाश, न पळता वळसा घ्या. त्यासाठी वाट थोडी सोडावी लागली तरी हरकत नाही. तरणी गुरं कुतूहलाने मागे मागे येतात, तेव्हा थांबून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं की तीही थांबतात. नातवाला हे आधीच सांगून ठेवा. आणि फाटक जसं होतं तसंच ठेवायचं: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं.

दुसरा दिवस: स्लॉटर गावं, पण उलट्या दिशेने

सगळी पुस्तकं सांगतात की स्टोपर्यंत बसने जा आणि उतरत उतरत बोर्टन-ऑन-द-वॉटरला या. स्टो टेकडीवर आहे, बोर्टन खोऱ्यात, त्यामुळे हे सोयीचं वाटतं. ताई, तुमचे गुडघे चढावर नव्हे, उतारावर दुखतात. म्हणून तुम्ही उलटं करा. सकाळच्या पहिल्या बसने बोर्टनला उतरा. नऊ-साडेनऊला विंडरश नदीवरचे बुटके दगडी पूल मोकळे असतात. सहलीच्या बसगाड्या त्यानंतर यायला लागतात. त्या यायच्या आत पूल बघून चालायला लागा.

बोर्टन ते लोअर स्लॉटर दोनेक किलोमीटर, सपाट आणि पक्की वाट. पुढे आय नावाच्या ओढ्याच्या काठाने दीड किलोमीटरवर अपर स्लॉटर. हा टप्पा मला सगळ्या कॉट्सवोल्ड्समध्ये सर्वात आवडतो. लोअर स्लॉटरला जुनी पाणचक्की आहे, तिचं विटांचं धुराडं आजूबाजूच्या दगडी घरांत लगेच उठून दिसतं. अपर स्लॉटरला दुकान नाही, गर्दी नाही, रस्ता ओढ्याच्या पाण्यातूनच पलीकडे जातो. इंग्लंडच्या जवळजवळ प्रत्येक गावात महायुद्धात पडलेल्यांच्या नावांचा स्तंभ असतो. दोन्ही महायुद्धांतून गेलेले सगळे जिवंत परत आले अशी जी मोजकी गावं आहेत, त्यांत हे एक. इतर गावांच्या चर्चबाहेर ती नावं वाचत आलात की इथे हे जास्त जाणवतं.

तिथून लोअर स्लॉटरला परत येऊन शेतांतून लोअर स्वेल, आणि शेवटी स्टोचा चढ. एकूण दहा-अकरा किलोमीटर. मिस्टर म्हणतील अडीच तासांचं काम. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा नियम वापरला तर तेच उत्तर येतं: ताशी पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जादा. पण तो नियम तंदुरुस्त, न थांबणाऱ्या माणसाचा आहे. मी घरच्या मंडळींसाठी ताशी तीन धरतो. वाटेत पंधरा-वीस फाटकं येतात. त्यातली काही 'किसिंग गेट' असतात, एका वेळी एकच माणूस जाईल अशी. काही ठिकाणी फाटक नसून कुंपण ओलांडायची लाकडी पायरी असते, तिला 'स्टाइल' म्हणतात. त्या पायऱ्या गुडघ्यांना जाचतात. उतरताना तोंड कुंपणाकडे करून, शिडी उतरतो तसं उतरा, भार हातांवर येतो. चार-साडेचार तास धरा, मधे जेवण.

थकवा आला तर लोअर स्लॉटरवरूनच बोर्टनला परत फिरा. तिथून बस आहेच. स्टोला पोहोचलात तर चर्चचं उत्तरेचं दार बघा, दोन्ही बाजूंना यू वृक्षांचे जुनाट बुंधे दाराच्या चौकटीला बिलगून वाढलेत. इंग्लंडच्या पहिल्या यादवी युद्धातली शेवटची लढाई १६४६ च्या मार्चमध्ये याच गावाजवळ झाली. मग बसने खाली मोरटनला.

तिसरा दिवस: सायकल

कॉट्सवोल्ड्समधले छोटे रस्ते नकाशावर साधेसुधे दिसतात. प्रत्यक्षात खोऱ्यात उतरायचं, लगेच समोरची टेकडी चढायची, असा प्रकार असतो. ओएस नकाशात रस्त्यावर बाणाचं एक टोक काढलेलं असेल तर चढ सातास एकपेक्षा जास्त तीव्र, दोन टोकं असतील तर पाचास एकपेक्षाही तीव्र. रस्ता निवडताना ही टोकं मोजा. शिवाय दोन्ही बाजूंना उंच झुडपांची कुंपणं असल्यामुळे वळणापलीकडचं काही दिसत नाही. रस्त्याच्या नावात 'ए' किंवा 'बी' असेल तर तो शक्यतो टाळा.

यावर उपाय म्हणजे नदीचं खोरं धरणं. मोरटनच्या पुढचंच स्टेशन किंगहॅम, एव्हनलोड नदीच्या खोऱ्यात. तिथल्या गल्लीवजा रस्त्यांवर किंगहॅम, चर्चिल, डेल्सफर्ड, ॲडलस्ट्रॉप अशी फेरी वीस किलोमीटरच्या आतबाहेर होते, आणि चढ सोसण्यासारखे आहेत. डेल्सफर्ड आणि ॲडलस्ट्रॉप यांच्यामध्ये एक मोठा रस्ता ओलांडावा लागतो, तिथे उतरून, सायकल हातात धरून पलीकडे जा.

या फेरीतही आपल्या इतिहासाचा एक धागा आहे. चर्चिल हे वॉरन हेस्टिंग्जचं जन्मगाव. डेल्सफर्ड ही त्याच्या पूर्वजांची गेलेली जहागीर. ती परत मिळवायची हे त्याने लहानपणीच मनात धरलं होतं आणि १७८८ मध्ये विकत घेऊन पुरं केलं. वडगावचा तह ज्याने मानला नाही, साल्बाईच्या तहापर्यंत ज्याच्या कारकिर्दीत पहिलं इंग्रज-मराठा युद्ध चाललं, तो हेस्टिंग्ज डेल्सफर्डच्या छोट्या चर्चच्या आवारात पुरलेला आहे. महादजी आणि नाना यांच्याशी ज्याने डाव मांडला, त्याचं गाव एवढं लहान आहे हे प्रत्यक्ष बघण्यासारखं आहे. त्याचं घर खाजगी आहे, तिकडे वळू नका. चर्चिलमध्येच १७६९ साली विल्यम स्मिथ जन्मला, ज्याने १८१५ मध्ये इंग्लंड-वेल्सचा भूस्तरांचा पहिला मोठा नकाशा काढला. त्याचं दगडी स्मारक गावात आहे. नातवाला नकाशाची गोडी लागली असेल तर तिथे थांबा.

इलेक्ट्रिक सायकल मिळते, आणि ताई, तुमच्यासाठी ती घ्याच. चढावर गुडघ्याचा भार ती उचलते. पण इथे ती चालवायला वय किमान १४ लागतं, त्यामुळे नातवाला साधी सायकल. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. घोडेस्वार पुढे दिसला तर वेग कमी करा, लांबूनच आवाज द्या आणि भरपूर अंतर ठेवून जा. घोडा मागून येणाऱ्या सायकलीला बिचकतो.

सगळ्यांनाच चढ आणि गाड्या नको असतील, तर कॉट्सवोल्ड्सचा हट्ट सोडून एखाद्या वेगळ्या सुटीत पीक डिस्ट्रिक्टचा मॉन्सल ट्रेल करा. बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरची ही वाट आहे, बेकवेलपासून सुमारे साडेतेरा किलोमीटर. रूळ १९६८ मध्ये बंद झाले, बोगदे २०११ पासून सायकलींना खुले आहेत. चार बोगदे प्रत्येकी चारशे मीटरच्या आसपास, आत दिवे, आणि मधे खोल दरीवरचा दगडी पूल. आगगाडीसाठी बांधलेला मार्ग असल्याने चढ जाणवतच नाही. लहान मुलांना आणि पहिल्यांदा सायकल घेणाऱ्यांना मी तिथेच पाठवतो.

चौथा दिवस: दोन तुकड्या

चिपिंग कॅम्डन ते ब्रॉडवे हा 'कॉट्सवोल्ड वे' या १०२ मैलांच्या वाटेचा पहिला टप्पा, साधारण साडेनऊ किलोमीटर. डोव्हर्स हिल, मग माळावरून ब्रॉडवे टॉवर. १७९० च्या दशकाअखेर बांधलेला हा बुरूज कॉट्सवोल्ड्सच्या कड्यावर आहे, आणि हवा स्वच्छ असेल तर वेल्सच्या डोंगरांपर्यंत नजर जाते. गडांवर वाढलेल्या मिस्टरांना हीच वाट आवडेल. पण टॉवरपासून ब्रॉडवेपर्यंत दोनशेहून जास्त मीटरचा सलग उतार आहे, आणि तो तुमच्यासाठी नाही.

म्हणून मिस्टर आणि नातू चालू देत. तुम्ही कॅम्डन निवांत बघा: १६२७ चा मार्केट हॉल, ज्याच्या दगडी फरशा चारशे वर्षांच्या वापराने उंचसखल झाल्यात, आणि लोकरीच्या पैशातून उभं राहिलेलं चर्च. मग बस किंवा टॅक्सीने ब्रॉडवेला जाऊन त्यांना भेटा. ब्रॉडवेला २०१८ पासून वाफेच्या इंजिनाची जुनी रेल्वे पुन्हा येऊ लागली आहे, ती चालू असण्याचे दिवस आधी बघून ठेवलेत तर नातवाची दुपार तिथे छान जाईल.

खाण्याचं थोडक्यात. पबमध्ये शाकाहारी पदार्थ हमखास मिळतात, पण स्वयंपाकघर बऱ्याच ठिकाणी दुपारी दोन-अडीचला बंद होतं ते संध्याकाळी सहालाच उघडतं. म्हणून साडेबाराच्या सुमारास जेवून घ्या, आणि पाठीवरच्या पिशवीत थेपले, दशम्या असू द्या. पबमध्ये प्यायचं नळाचं पाणी मागितलं तर फुकट देतात. पायात घोटा धरणारे, पाणी न शिरणारे बूट. पूर्ण लांबीची पँट घाला, कारण वाटेकडेला नेटल नावाची आग करणारी झुडपं असतात आणि उंच गवतात गोचिडी असतात. रात्री पाय तपासा. हवा कशीही दिसो, पावसाळी जाकीट पिशवीत हवंच. उजेडाची चिंता नको, मेच्या शेवटी सूर्य नऊनंतर मावळतो.

निघण्याच्या आठवडाभर आधी तीन कामं करा. बसच्या वेळा त्या तारखांसाठी नव्याने तपासा, विशेषतः कॅम्डनच्या, त्या विरळ असतात. रेल्वेचं सवलत कार्ड काढायचं का ते बघा: साठीपुढच्यांचं एक कार्ड असतं आणि दोघांनी मिळून प्रवास करण्याचंही एक असतं, दोन्हींवर भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते, पण दुसऱ्यावर सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधीच्या गाड्या चालत नाहीत. आणि सायकली आधी सांगून ठेवताना नातवाची उंची सेंटिमीटरमध्ये द्या, सायकली कुठे ताब्यात मिळतील हेही विचारा. मोरटनमधून घेऊन आगगाडीने किंगहॅमला न्यायच्या असतील तर त्यांची जागा रेल्वेकडे स्वतंत्रपणे राखून ठेवावी लागते का, हे त्याच वेळी विचारून घ्या.